डफडं वाजलं नाई त्या दिवशी

माहे सासरे तानबा, आमच्या गावचे कोतवाल. वरून काही हुकूम आला का गयात डफडं अडकवून गावभर दवंडी देत. आवाज असा का समुद्रपूरच्या एसटीतले लोकबी मान काढून पाहत! घरात मात्र मी त्यायच्याशी एक शब्द बोलली नाई. आमच्यात सून सासऱ्यापुढं तोंड उघडत नाई. पदर डोईवर, मान खाली.

आनीबानीत नसबंदीची जीप गावोगाव फिरून राह्यलती. माहं लगन नुकतंच झालं होतं. पहिल्या खेपेले मामंजीनं दवंडी देल्ली, चार-पाच गरीब मानसं चावडीवर गेले, अन् त्यायले जीपनं उचलून नेलं. त्यायच्या बायका आमच्या दारात येऊन बोटं मोडून गेल्या. मामंजीनं डफडं खुंटीले टांगलं.

"आता मी हाक मारतच नाई. मानसं जमलेच नाई तं नेतीन कोनाले?"

भोया मानूस, दुसरं काय! गाव उलटंच शिकलं होतं. डफडं वाजलं का तुरीत पयाचं, नाई वाजलं तं बिनघोर राहाचं.

म्हनून जीप दुसऱ्या खेपेले आली तवा माहे मालक अंगनात भाकर खात बसले होते. जीपीतून साहेब अन् दोघं शिपाई उतरले; शिपायायनं त्यायले दंडाले धरलं. ते वरडले, "मले लेकरू नाई हो अजून!"

साहेब हासला. "सगळे असंच म्हणतात." मंग मामंजीकडं वयला. "कोतवाल, तुझाच मुलगा ना? खरं सांग. मुलं आहेत का याला?"

बाप्पा! दाराआडून मी पदर तोंडात कोंबला. बोला ना मामंजी, एक शब्द बोला! नोकरी जाईन तं जाऊ द्या! त्यायचे ओठ हालले, पन आवाज काही निघाला नाई.

"चूप आहे, म्हणजे आहेत," साहेब म्हने. अन् जीप मालकाले घेऊन गेली.

माही कूस रिकामीच राह्यली.

तवापासून मामंजी मले भ्याले लागले. मी ताट ठेवलं का मान वर करत नसत. सासूले हळूच इचारत, "सून रागावली हाय काय?"

"ते कधी बोलते तुमच्याशी? मले काय मालूम!" सासू म्हने. माहं चूप राह्यनं रीत होती का राग, त्यायले कधी समजलं नाई. राग होता. जयत होती मी.

चौऱ्याऐंशीच्या हिवायात मामंजी खाटेवर पडले. एक दिवस मी पानी घेऊन गेली तं त्यायनं हात जोडले.

"पोरी, माफ केलं काय मले? आता रीत नोको पाहू. शिव्या दे, पन बोल."

मले 'नाई' म्हनाचं होतं. इतके वर्सं तेच एक तोंडात धरून ठेवलं होतं. पन पदर हातातून सुटेना, जीभ हालेना. मामंजीनं घडीभर वाट पाह्यली. मंग त्यायचा चेहरा सैल पडला, डोये भरून आले.

"चूप हाय, म्हनजे केलं," म्हनाले, अन् कुशीवर वयले.