घासलेलं भिंग

घड्याळजी उजव्या डोळ्यात भिंग धरून अख्खा दिवस काढायचा. चहासुद्धा तसाच प्यायचा. वरच्या पापणीला गाठ आली तेव्हा गड्याने दोष दिला कुणाला, तर भिंगाला. म्हणे रांजणवाडी आहे, कड टोचते. घेतली कानस आणि सहा महिने भिंगाची कड घासत बसला. शेवटी थोरल्या बहिणीने, ताईने, मानगुटीला धरून दवाखान्यात नेलं. तुकडा तपासला, तर पापणीतल्या तेलाच्या ग्रंथीचा कर्करोग, फारच क्वचित कुणाला होणारा.

डॉक्टरीणबाईंनी दोन वाटा सांगितल्या. एक, गाठीभोवतीची चांगली दिसणारी पापणीही सरसकट कापून टाकायची. काम एका दमात, पण अर्धीअधिक पापणी जाणार. दुसरी, पातळ थर काढायचा, त्याच्या कडा लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, आणि जिथे मुळं उरली तिथलाच पुढचा थर. घड्याळजीने विचारलं, खात्रीची कुठली? बाईंनी आडपडदा ठेवला नाही. रुग्णच इतके थोडे की पक्की तुलना कुणाकडे नाही; आजवरच्या नोंदींत थराथराने काढलेला रोग कमी वेळा उलटलेला दिसतो, एवढंच.

"आणि भिंग धरता येईल?"

"अरे, आधी जीव वाचव," ताई म्हणाली. "भिंग काय, मी तुझ्या डोळ्यापुढे धरून उभी राहीन."

"तू दोन मिनिटं गप्प उभी राहिलीस, तर बंद घड्याळंसुद्धा दचकून चालू होतील."

बाई हसल्या, पण भिंगाचं वचन काही दिलं नाही. त्याने दुसरी वाट धरली.

पहिला थर निघाला. डोळ्यावर पट्टी, तासभर बाकावर. निरोप आला, नाकाच्या बाजूला उरलंय. दुसरा थर. पुन्हा बाक, पुन्हा तोच निरोप. ताईची बडबड आटली, तेव्हा मात्र घड्याळजी भिंतीकडे बघत बसला. भिंतीवरचं घड्याळ मिनिटभर मागे होतं. एरवी तो स्टुलावर चढला असता. तिसऱ्या थरानंतर बाई स्वतः आल्या. "कडा स्वच्छ आहेत." पापणीचा तिसरा हिस्सा गेला होता, उरलेली जुळवून शिवली.

जखम भरल्यावर तो दुकानात बसला. भिंग लावलं. पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा टेबलावर टक्कन. ताईने तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा पडलं तसं त्याने कडेवरून बोट फिरवलं आणि खुदकन हसला. घासून घासून कड त्यानेच झिजवून टाकली होती. तेव्हा गाठीच्या फुगवट्याला अडकून राहायचं ते. आता कुठल्या डोळ्यात राहणार? खणातून कोरं भिंग काढलं. बसलं.

"बोल आता," तो म्हणाला.

ताईने मनगटावरचं, कधीचं बंद पडलेलं घड्याळ काढून पुढे सरकवलं.