सामाजी परमनंट कसा झाला

सामाजी झिराडकर म्हणजे अगदी गरीब स्वभावाचा माणूस, असं इस्रायलातल्या मित्स्पे रामोन गावात जो तो म्हणायचा. म्हणणाऱ्यांचं काय जातं! ज्याच्या हातात कुणाचं बरंवाईट करण्याएवढी सत्ता कधी आलीच नाही, त्याला लोक बिनदिक्कत गरीब म्हणतात. सामाजीच्या हातात ती एकदाच आली, आणि तीही जेमतेम एका वाक्याएवढी.

मुंबईला तो माझगावात लॉऱ्यांवर फिटर होता. त्याचे बापजादे अलिबागजवळच्या झिराडचे ज्यू. घाण्यावर तेल काढायचे आणि शब्बाथ म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. ऑईलने बरबटलेले हात पुसत सामाजी सांगायचा, "तेल आमच्या घराण्यातच आहे." इस्रायलात आल्यावर मात्र पहिलं वर्ष त्याच्या हाती तेल नव्हे, घण आला. एलातच्या रस्त्यावर त्याने खडी फोडली. वय पन्नाशीला टेकलेलं. कंबर धरली ती कायमची. संध्याकाळी बायको मेबल त्याला धरून खाटेवर आडवं करायची, आणि तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

बासष्ट साली वसंतात पेसाहचा सण झाला आणि त्याचं नशीब उघडलं. रामोनच्या अवाढव्य खळग्यात माती आणि जिप्सम खणणाऱ्या एका कंपनीला फिटर हवा होता. खळग्याच्या काठावर कंपनीचं आवार होतं, आणि आवारात डिझेलवर चालणाऱ्या पिकअप आणि व्हॅन. सकाळी माणसं आणि हत्यारं घेऊन त्या खाली उतरायच्या आणि संध्याकाळी धुळीने पांढऱ्या होऊन वर यायच्या. त्यांची रोजची देखभाल, एवढंच काम. साहेबाचं नाव गिदोन. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "आत्ता तात्पुरता घेतो. येता हिवाळा नीट पार पाडलास तर क्वियुत देईन."

क्वियुत म्हणजे परमनंट. एकदा परमनंट झालं की पुन्हा कुणी घण हातात देऊ शकत नाही. सामाजीला आयुष्याकडून दुसरं काही नको होतं.

त्याने त्या गाड्या डोळ्यांत तेल घालून सांभाळल्या. सकाळी फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल करून डिझेलमधलं पाणी काढायचं. सळई घालून ऑईल बघायचं. एअर फिल्टर उघडून त्याच्या वाटीतला चिखल फेकायचा आणि ताजं ऑईल भरायचं, कारण तिथली धूळ मैद्यासारखी, आठवड्याभरात इंजिन खाऊन टाकील. ग्रीस, नट, चाकातली हवा. आणि संध्याकाळी घरी जाण्याआधी प्रत्येक रेडिएटर काठोकाठ भरायचा. माझगावच्या गॅरेजातली ती शिस्तच होती, गाडी रात्री भरलेली उभी राहिली पाहिजे, सकाळी धावाधाव नको. सामाजीने ती शिस्त इथे आणली आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता.

माझगावात पाणी कधी गोठत नाही, हे त्याला कोण सांगणार?

त्रेसष्टच्या जानेवारीत एका रात्री आभाळ स्वच्छ झालं आणि वारा पडला. खळग्याच्या काठावर अशी रात्र आली की जमीन काचेसारखी होते. सकाळी सामाजी आवारात गेला तेव्हा रेडिएटर फुगून फाटले होते. एका इंजिनच्या ब्लॉकला बोटभर लांबीची चीर गेली होती आणि तिच्यात बर्फ चमकत होता. पाण्याने लोखंड फुटतं हे पन्नास वर्षांच्या त्या फिटरने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तो चिरेवरून बोट फिरवत राहिला, जणू पुसलं तर जाईल.

गिदोन आला. सगळ्या आवारासमोर त्याने सामाजीला उभं केलं. "तिकडे हिंदुस्थानात काय सांभाळत होतास रे? हत्ती?"

ड्रायव्हर हसले. सामाजीही हसला, कारण अशा वेळी चेहऱ्याचं काय करायचं ते त्याला कळेना. हसता हसता त्याची नजर टोकाच्या व्हॅनवर गेली. ती व्हॅन त्स्वीची. त्स्वी रोमानियाहून आलेला ड्रायव्हर, बर्फातच वाढलेला. त्याच्या व्हॅनच्या रेडिएटरचा खालचा कॉक उघडा होता. रात्री सगळं पाणी सोडून दिलेलं. व्हॅन ठणठणीत होती.

दुपारी सामाजीने त्याला मोडक्या हिब्रूत विचारलं, "तुला ठाऊक होतं. मी पाणी भरत होतो, तू बघत होतास. बोलला का नाहीस?"

त्स्वी सिगारेट पेटवत म्हणाला, "मला कुणी विचारलं नाही."

आठवड्याभरात सामाजीची जागा त्स्वीच्या मेव्हण्याला, यित्झाकला मिळाली. सामाजीला काढलं नाही. गिदोन म्हणाला, "म्हातारा आहे, राहू दे, गाड्या धुवेल." मग भर हिवाळ्यात बर्फासारख्या पाण्याने तो गाड्या धुवू लागला. बोटांना भेगा पडल्या. तात्पुरता तो होताच, आता तर रोज सकाळी फाटकात शिरताना आज घण देतील की नळी, हाच विचार असायचा. समोर यित्झाक संध्याकाळी आरामात फिरून एकेक कॉक उघडायचा, आणि प्रत्येक कॉकमधून पाणी पडायला लागलं की सामाजीला वाटायचं, मुद्दाम मला दाखवून सोडतोय. रात्री जेवताना तो मेबलला सांगायचा, "एवढंच होतं गं. खालचा कॉक उघडायचा. एवढंच." ती म्हणायची, "पुरे ना आता." पण पुरे झालं नाही. माणूस दुःख विसरतो म्हणतात. सामाजीने ते लोणच्यासारखं मुरवलं.

त्या वर्षाच्या अखेरीला यित्झाक एलातच्या बंदरात कामाला लागला आणि जागा रिकामी झाली. सामाजीने दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि गिदोनच्या खोलीबाहेर जाऊन उभा राहिला. मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. मी एकदा चुकलो, पुन्हा चुकणार नाही, कॉक उघडायचा हे आता मला झोपेतही ठाऊक आहे.

दार उघडलं. गिदोनबरोबर एक नवा माणूस बाहेर आला.

"बरं झालं तू इथेच आहेस," गिदोन म्हणाला. "हा तुमच्यातलाच. कामाच्या कचेरीने पाठवलाय. मुंबईत बसगाड्यांवर होता. याला हिब्रूचं अक्षर येत नाही. तूच सगळं समजावून सांग. हिवाळा निभावला तर याला क्वियुत देईन."

नव्या माणसाचं नाव बारूख वाकरुळकर. पस्तिशीचा, अंगात मुंबईचाच पातळ कोट. सामाजीला बघून त्याचा चेहरा उजळला. "शालोम, सामाजीभाऊ! अहो, महिन्याभरात घराबाहेर मराठी ऐकली नव्हती. आता तुम्ही आहात म्हणजे घोर मिटला."

गिदोन गाड्यांमधून चालत एकेक गोष्ट दाखवू लागला आणि सामाजी मराठीत सांगू लागला. फिल्टरचा स्क्रू सांगितला. ऑईल सांगितलं. एअर फिल्टरची वाटी सांगितली, आणि धूळ इथली कशी वाईट आहे ते तर गिदोन बोलला त्याहूनही जास्त सांगितलं. बारूख मान डोलावत होता, मधूनच "बरोबर, आमच्या डेपोतही असंच" म्हणत होता. शेवटी गिदोन रेडिएटरपाशी थांबला. "आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. थंडीत रोज संध्याकाळी पाणी सोडून द्यायचं. हे तुला मी शिकवायला नको."

बारूखने सामाजीकडे पाहिलं. "काय म्हणाले?"

वर्षभर उरात साठवलेली ती दोन शब्दांची गोष्ट सामाजीच्या जिभेवर आली होती. समोर आपलाच माणूस उभा होता, आपल्याच बोलीत विचारत होता. त्स्वीचा सूड त्स्वीवर उगवायचा तर ते त्याच्या हाताबाहेर होतं. बारूख मात्र हाताशी होता.

"म्हणतायत, रेडिएटरची काळजी घे."

"ते काय सांगायला हवं!" बारूख हसला. "आमच्याकडे रात्री काठोकाठ भरून ठेवायची शिस्त आहे."

"तशीच ठेव," सामाजी म्हणाला.

त्यानंतर थंडी लगेच पडली नाही. दिवस कोरडे, उबदार गेले. बारूख रोज संध्याकाळी प्रेमाने पाणी भरायचा आणि सामाजी गाड्या धुता धुता बघायचा. रोज त्याला वाटायचं, आज सांगून टाकू, उद्या सांगू. पण बारूख काम चोख करत होता, गिदोन त्याच्या पाठीवर थाप मारायचा, आणि ती थाप दिसली की सामाजीचे ओठ आपोआप मिटायचे. गिदोनचं आवाराकडे लक्ष नसायचं. सांगितलं म्हणजे झालं, असा त्याचा हिशेब. त्स्वी बघत असणारच. पण त्याला कुणी विचारलं नाही.

चौसष्टच्या जानेवारीत एका संध्याकाळी आभाळ स्वच्छ झालं आणि वारा पडला. सामाजीने ती हवा ओळखली. बारूखने शेवटचा रेडिएटर भरून झाकण लावलं आणि हात चोळत म्हणाला, "आज गारठा आहे हो, सामाजीभाऊ. चला, घरी जाऊन चहा घेऊ." दोघे बरोबरच फाटकाबाहेर पडले. चौकात बारूख उजवीकडे वळला, सामाजी डावीकडे.

सकाळी तेच. फाटलेले रेडिएटर, चिरलेला ब्लॉक, त्यात बर्फ. बारूख चिरेवरून बोट फिरवत होता.

गिदोनचा आवाज चिरकला होता. "पाण्याचं सांगितलं होतंस की नाही याला?"

"सांगितलं होतं," सामाजी हिब्रूत म्हणाला. "दोनदा."

बारूखने त्याची बाही धरली. "काय विचारतायत? मला सांगा ना. मी काय चुकलो?"

"तुला घालवतो म्हणतायत," सामाजी मराठीत म्हणाला. "थांब, मी बोलून बघतो." मग गिदोनकडे वळून हिब्रूत, "नवा आहे, डोकं जरा मंद आहे. मी करतो गाड्यांचं. याला धुवायला ठेवा."

गिदोनने दोघांकडे पाहिलं आणि हात झटकले. त्याला गाड्या चालू हव्या होत्या. कॉकचं ज्याला ठाऊक आहे असा एक माणूस समोर होता. हिवाळा सरायच्या आत सामाजी परमनंट झाला. रोज संध्याकाळी तो एकेक कॉक उघडायचा, आणि शेजारी बारूख भेगाळल्या बोटांनी नळी धरून गाड्या धुवायचा. सामाजीभाऊंनी शब्द टाकला नसता तर आपण घण घेऊन रस्त्यावर असतो, असं तो भेटेल त्याला सांगायचा.

एका शनिवारी, शब्बाथ सुटल्यावर, बारूख आणि त्याची बायको पनिना सामाजीच्या दाराशी आली. पनिनाच्या हातात झाकलेलं ताट होतं. मलिदा, एलियाहू पैगंबराच्या नवसाचा! मुंबईहून आलेल्या पार्सलातले जपून ठेवलेले पोहे, साखर, वेलची, सुक्या खोबऱ्याचा कीस, वर खजूर आणि संत्र्याच्या फोडी.

"एलियाहू हन्नाबीला नवस बोलले होते, वहिनी," पनिना म्हणाली. "यांची नोकरी टिकू दे म्हणून. ती भाऊजींनी टिकवली. तेव्हा त्यांच्या वाट्याचा मलिदा घेऊन आलो."

ती दोघं गेल्यावर मेबल बराच वेळ ताटाकडे बघत राहिली.

"त्याला कॉकचं सांगितलं होतंत ना?"

"सांगितलं होतं. त्याचं लक्ष नव्हतं."

"गाड्या फुटल्या त्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही घरी आलात," मेबल म्हणाली, "आणि हातपाय धुवायच्या आधी मोरीतला नळ थोडा चालू ठेवलात. मी बंद करायला गेले तर ओरडलात. राहू दे, नाहीतर रात्री पाइप फुटेल, म्हणालात."

त्स्वीला निदान म्हणता आलं होतं, मला कुणी विचारलं नाही. सामाजीला तेवढंही म्हणता येत नव्हतं. त्याला बारूखने विचारलं होतं, तोंडाकडे बघून, मराठीत.

मेबलने एक वाटी घेतली, मलिद्याने शिगोशीग भरली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. आपल्यासाठी वाटी घेतली नाही.

"खा," ती म्हणाली. "तुमच्याच नावाने केलाय."

त्याने वाटी बाजूला सारली. तिने ती परत पुढे ठेवली आणि समोर बसून राहिली. शेवटी सामाजीने एक घास घेतला. गोड होता. मग दुसरा घेतला. वाटी रिकामी होईपर्यंत मेबल उठली नाही, आणि रिकामी झाल्यावर तिने ती पुन्हा भरली.