चिंचेने घासलेली लक्ष्मी

गणेश चवथीनंतरचा पहिला सोमवार, सकाळचे दहा. क्लेम चौदा लाखांचा. हजर: गोव्यातल्या डिचोलीचे ट्रकमालक शेट, त्यांची बायको, म्हणजे वहिनी, घरकाम करणारी शेवंती आणि मी, विमा कंपनीचा सर्व्हेयर, म्हणजे नुकसान मोजणारा.

टेबलावर फूटभर उंचीची कांस्याची लक्ष्मी. चकचकीत. तो चकचकाट हेच नुकसान.

शेटना दोन वर्षांपासून जुन्या मूर्ती जमवायचा नाद. जुन्या कांस्यावर काळपट-हिरवं पूट चढतं, त्याला पॅटिना म्हणतात. शेट तो शब्द प्रत्येक वाक्यात वापरत. चवथीच्या साफसफाईत शेवंतीने समयांबरोबर लक्ष्मीही चिंच लावून घासली. पॅटिना गेला.

"पाचशे वर्षं एका तासात पुसली हिने," शेट म्हणाले. "महिन्याचा पगार अडवलाय. तुमचा रिपोर्ट आला की पोलिसांत देणार."

"देव काळा ठेवून चवथ करायची?" शेवंती म्हणाली. "आमच्याकडे दर वर्साक घासतात."

मी शेटना विचारलं, "मूर्ती आली कुठून?"

"हळर्णच्या एका घरातली. पाचशे वर्षं देवघरात पुजलेली. सर्टिफिकेट आहे."

सर्टिफिकेट विकणाऱ्यानेच दिलेलं. आमच्या कंपनीने पॉलिसीही त्यावरच दिलेली.

"देवघरात होती, तर दर चवथीला कोणीतरी घासलीच असणार. मग पूट चढलं कधी?"

शेटनी शेवंतीकडे पाहिलं. तिने पदराने हात पुसले.

रोजची आंघोळ, गंध, वर्षाची चिंच, यांनी पूजेतल्या मूर्तीचं नाक झिजतं, डोळे पुसट होतात. या लक्ष्मीचं नाक टोकदार होतं. काखेत चिंच पोचली नव्हती. तिथला हिरवा थर माझ्या नखाने निघाला. रंग होता. तळाला विजेवरच्या ग्राइंडरच्या रेघा.

"म्हणजे डुप्लिकेट?" वहिनींनी विचारलं.

"मूर्ती खरी, वय खोटं. धातू नि मजुरी धरून अठरा हजार."

"पण एक्स्पर्टने सांगितलेलं," शेट म्हणाले.

"कोण एक्स्पर्ट?"

"ज्याने विकली तो."

वहिनी उठल्या. "शेवंती, कपाटात अजून अकरा आहेत गो. चिंच भिजत घाल."

"नको," शेट म्हणाले. सकाळपासून प्रथमच हळू आवाजात.

जुनी मूर्ती घेण्याआधी ती देव घासणाऱ्या बाईला दाखवावी. तिची फी कमी असते.

कंपनीने क्लेमचा एक रुपयाही दिला नाही. विकणाऱ्याचा फोन लागत नाही, शेटचे चौदा लाख त्याच्याकडेच राहिले. शेवंतीचे अडवलेले अकरा हजार वहिनींनी माझ्यासमोर तिच्या हातात दिले.