गोळीच्या आधीची भाकर

डॉक्टर मित्रांनो, आज डोकं फिरलंय.

कुरुंद्याच्या एका काकांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. भुलेत पोटातलं आंबट पाणी उलटून फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून सकाळी अॅसिडिटीची गोळी घोटभर पाण्यासोबत द्यायला मी काकूंना सांगितलं होतं.

टेबलावर घेण्याआधी विचारलं, तर काकांनी दूध-भाकर खाल्लेली! ऑपरेशन रद्द.

"उपाशी ठेवा म्हटलं होतं ना?" मी काकूंवर ओरडलो.

"रातभर उपाशीच ठेवलं सायेब. पण रिकाम्या पोटी गोळी कशी देऊ? तुमीच सांगता ना, खाऊन घ्या म्हून?"

ही गोळी रिकाम्या पोटीच घ्यायची, हे तुमच्यापैकी कोण सांगतं हो?

मी सांगितलं नव्हतं. ओरडा मात्र काकूंनी खाल्ला.