मुठीवरून पोतं

एकोणीसशे पन्नासच्या दशकात मी अमरावतीला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकत होतो. एखादी गोष्ट आपल्याला माहीत आहे, हे कशावरून म्हणायचं, असले प्रश्न घेऊन सुटीत घरी यायचो आणि वडिलांचं डोकं खायचो. मंगरूळपीरला त्यांचं धान्याचं दुकान होतं. पेरणीआधी लोक ज्वारीचं बी त्यांच्याकडून नेत. पोत्याच्या तोंडाची मूठभर ज्वारी ओल्या फडक्यात बांधायची, मोड आले की माल खरा, हा त्यांचा रिवाज.

त्या वर्षीची मूठ छान उगवली. मी खोड काढलीच.

"बाबा, मूठ उगवली. पोतं उगवन कायवरून?"

"तुयं कॉलेज तिकडंच ठेव," ते भडकले. मला गप्प करायलाच त्यांनी पोत्यात खांद्यापर्यंत हात खुपसला, तळाची ज्वारी काढली आणि नाकाशी नेली. त्यांचा चेहरा उतरला. जमिनीखालच्या पेवात तापलेल्या धान्याचा कुबट वास होता. असं बी दिसतं टपोरं, पण मातीत मरतं. बाबांना माल विकणाऱ्याने वरचा थर तेवढा चांगला भरला होता. वाद मी जिंकलो होतो, पण दारात गाडी येऊन उभी होती.

मानोऱ्याकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्याचा नाईक, म्हणजे तिथला प्रमुख, सगळ्या तांड्याचं बी न्यायला आला होता. पाऊस मुरून जमिनीला पेरणीजोगा वाफसा आलेला, पेरणी लांबवून चालणार नव्हतं.

"भरा पोते," तो म्हणाला.

"थांबा. हे बी उगवन का नाही, मले माहीत नाही."

दुकानदाराच्या तोंडून असं कोणी ऐकलं नव्हतं. बी न्यायला आलेली बाकीची गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली. नाईकाने बैल सोडले.

"मंग माहीत होईस्तोवर बसतो."

बाबांनी एकेका पोत्याच्या तळातून मुठी काढून बांधल्या. नाईक आमच्या ओट्यावरच मुक्कामाला राहिला. रस्त्याने लोकांच्या पेरणीच्या तिफणी शेताकडे जात होत्या. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

शेवटी फडकी सोडली. काहींत मोड होते, काहींत नव्हते. मी ती घाईने त्याच्यापुढे मांडली, म्हटलं, आता तुमच्या डोळ्यांनीच पाहा. त्याने तिकडे नजरसुद्धा टाकली नाही. तो बाबांच्या तोंडाकडे बघत होता.

"शेठजी, तुमी सांगा कोनतं. आमी तेच पेरू."

मला त्या विश्वासाची भीती वाटली; तळातली असली तरी तीही मूठच होती. बाबांनी मोड आलेल्या मुठीच्या एका पोत्याकडे बोट केलं, आणि त्यातच पुन्हा एकदा खांद्यापर्यंत हात खुपसला.