दिनूकाकांचा उशिरा येणारा सूर

मंडळी, आज दुपारी करी रोडला दिनूकाकांकडे गेलो होतो. काका ऐंशीचे. तरुणपणी हॉटेलांत ऑर्गनवर सोल-जॅझ वाजवायचे. त्यांच्या जुन्या टेपवरून मी डान्स रिमिक्स केलाय, तो ऐकवायचा होता.

काकांचा सूर ठेक्यापेक्षा किंचित उशिरा येतो. मला ती चूक वाटली, म्हणून कॉम्प्युटरवर एकेक सूर ओढून बरोब्बर ठेक्यावर बसवला होता.

काकांनी हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकलं.

"झकास! कोण वाजवतोय?"

"काका, तुम्हीच."

"मी नाय रे तो. मी नाचणाऱ्यांकडे बघून वाजवायचो. त्यांचा पाय टेकला, की मग माझं बोट."

घरी येऊन सगळे सूर होते तिथे परत नेले. शनिवारच्या पार्टीत हेच वाजवणार.

एक सांगा, डीजेने तुमच्या पायांकडे शेवटचं कधी बघितलं होतं?