गळ्यावर टाका नसलेलं ऑपरेशन

"गाठ कॅन्सरची असेलच असं नाही, पण नाहीच असंही म्हणता येत नाही," नांदेडचे सर्जन रिपोर्ट टेबलावर ठेवत म्हणाले. माझ्या थायरॉइडच्या उजव्या भागात गाठ होती. एफएनएसी, म्हणजे बारीक सुईनं पेशी काढून केलेली तपासणी, संशयास्पद आली होती. मीही जन्माची संशयी; त्या बाबतीत गाठ माझ्यावरच गेली होती.

"गळ्यावर खूण राहणार नाही. खालच्या ओठाच्या आतून दुर्बीण घालून अर्धी ग्रंथी काढू," ते पुढे म्हणाले. याला ट्रान्सओरल एंडोस्कोपिक थायरॉइडेक्टमी म्हणतात. सोबत आलेली आत्या लगेच खूश झाली. माझं लग्न व्हायचं होतं.

मी लातूरला कोचिंग क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते. ग्रंथीच्या मागून रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह, म्हणजे स्वरयंत्राच्या पडद्यांची नस, जाते हे दरवर्षी पोरांकडून घोकून घेते. तिला धक्का लागला तर आवाज बसतो, कधी कायमचा. माझं पोट आवाजावर. मी आवाजाचं विचारत होते आणि उत्तर खुणेचं मिळत होतं. कुठंतरी पाणी मुरतंय, असं मला वाटायला लागलं.

आप्पा, माझे वडील, शेजारीच बसले होते. ते किल्लारीकडचे. भूकंपानंतर त्यांच्या भावानं तडा न गेलेली भिंत बघून तिच्या आडोशाला चूल मांडली होती. दोन दिवसांनी तीच भिंत पडली. आप्पांनी डॉक्टरांना सरळ विचारलं, "सायेब, वरून गिलावा झ्याक दिसंल. आतल्या शिरेचं काय?"

डॉक्टर हसले नाहीत. "आवाजाला धोका दोन्ही पद्धतींत आहे. मी खात्री देणार नाही. आतून नीट दिसलं नाही, तर पुढून गळा उघडीन. मग खूण झाली म्हणून भांडायचं नाही."

इतक्या वेळात मला पटलेलं हे पहिलं बोलणं. मी तयार झाले.

शुद्धीवर आले तेव्हा हनुवटी सुजलेली होती, ओठ बधिर होता आणि आवाज घोगरा. आरसा मागितला. गळा कोराच! मनात पाल चुकचुकली. लोह्याहून भेटायला आलेल्या मावशीनं तर पदर सारून गळा तपासला. "टाकाच न्हाई की गं! मग काढलं काय?"

काढलेला भाग ट्रेमध्ये ठेवून नातेवाइकांना दाखवतात. तो बघायला दादाला, माझ्या भावाला, आत बोलावलं होतं.

"केवढी होती?" मी कुजबुजले.

"लिंबाएवढी."

"आरं, मला तर पेरूएवढी म्हणून राहिला होतास!" आप्पा म्हणाले.

शेवटी दादानं कबूल केलं. ट्रे समोर येताच त्यानं डोळे मिटून "हाव, बघितली" म्हणून टाकलं होतं. एकुलता एक साक्षीदार, आणि त्याचेही डोळे मिटलेले! मी ओरडायला गेले तर नुसती हवा बाहेर आली. तेव्हा गाठ, टाका, सगळं बाजूला राहिलं. मी खरोखर घाबरले.

बायोप्सीचा, म्हणजे काढलेल्या गाठीच्या तपासणीचा, रिपोर्ट साधा आला. गाठ निघाली होती आणि कॅन्सरही नव्हता. पण घोगरेपणा जाईना. मला वाटलं, नस गेली आणि हे लोक लपवतायत.

डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा घातला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. "ई म्हणा." दोन्ही पडदे हलत होते. "नस चांगली आहे. सूज उतरली की आवाज येईल." मी पुन्हा ई म्हटलं, पुन्हा म्हटलं. शेवटी तेच "बस" म्हणाले. खुर्चीतच मला रडू आलं.

आवाज हळूहळू परतला. तुमच्यावर ही वेळ आली तर खुणेच्या आधी आवाजाचं विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका. त्या डॉक्टरांचे माझ्यावर उपकार आहेत. विचारलेल्याचं त्यांनी खरं उत्तर दिलं.

पुढे मला बघायला पाहुणे आले. आत्यानं स्वयंपाकघरात बजावलं, "गळा कसा सोन्यासारखा हाय. ऑपरेशनचं काई बोलू नको."

बाहेर येऊन बसले आणि चहा यायच्या आत सगळं सांगून टाकलं, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात.